‘त्रास झाला तर या’ म्हणणाऱ्या न्यूरोसर्जरी विभागांना खुलं पत्र

प्रति,
न्यूरोसर्जरी विभागांचे प्रमुख आणि रुग्णालयांचं व्यवस्थापन

सन्माननीय डॉक्टर,

माझ्यावर जिथे उपचार झाले, त्या रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर नुकतीच एक सूचना लागली आहे. शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी बाहेर वळवणारी नळी, बसवून एक वर्ष पूर्ण झालेल्या आणि काही तक्रार नसलेल्या प्रौढ रुग्णांची नियमित तपासणी यापुढे होणार नाही, त्रास झाल्यास त्यांनी थेट अपघात विभागात यावं, असा मजकूर. खाली सही, शिक्का. चार लोकांकडे चौकशी केली तेव्हा कळलं, की बऱ्याच ठिकाणी सूचना लावण्याचीही तसदी घेत नाहीत. वर्षभरानंतर फाइल आपोआप मिटते. म्हणून हे पत्र एका रुग्णालयाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे.

मी व्यवसायाने लेखापरीक्षक. मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटला, रक्तस्राव झाला, तो तुमच्याच पेशातल्या लोकांनी आटोक्यात आणला. पण त्यानंतर मेंदूतल्या पाण्याचा निचरा बिघडला तो बिघडलाच. उजव्या कानामागे व्हॉल्व्ह आहे, कातडीखालून नळी पोटात उतरते. आज मी चालते, कामावर जाते, माझी सही पूर्वीसारखी येते. त्याचं श्रेय तुमचं आहे आणि ते मी कुणालाही सांगते. हे पत्र मात्र तक्रारीचं आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मेंदूभोवतीचं आणि मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतं. एका वेळी आत असतं साधारण १५० मिलिलिटर. म्हणजे ते दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. हा निचरा अडला की हायड्रोसेफॅलस होतो. शंट ते जादा पाणी पोटात किंवा दुसऱ्या पोकळीत वळवतो. १९४९ मध्ये नल्सेन आणि स्पिट्झ यांनी एकाच दिशेने पाणी सोडणारा व्हॉल्व्ह वापरला. पुढे १९५६ च्या सुमारास जॉन होल्टर या तंत्रज्ञाने स्वतःच्या मुलासाठी सिलिकोनचा व्हॉल्व्ह घडवला. आजचे सगळे शंट त्याच घराण्यातले. मूळ आजार शंटने बरा होत नाही. पाणी वळवलं जातं, आणि ते वळवत राहावं लागतं, बहुतेकांच्या बाबतीत मरेपर्यंत. वर्षभराची मुदत यात कुठून आली, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तुमच्या सूचनेतला सगळ्यात मोठा दोष तिच्या शेवटच्या वाक्यात आहे. ‘त्रास झाल्यास यावं.’ कुणी यावं? शंट अचानक तुंबला तर डोकेदुखी, उलट्या, ग्लानी सुरू होते, आणि घरचे उचलून आणतातच. पण प्रौढांमध्ये, विशेषतः वयस्क माणसांमध्ये, शंट पुष्कळदा हळूहळू निकामी होतो. पावलं आखूड पडायला लागतात. वळताना तोल जातो. लघवीला पोचेपर्यंत थांबता येत नाही. बोलणं कमी होतं, उत्साह जातो, विसरायला होतं. ज्या माणसाची जाणीव आणि पुढाकारच मंदावत चालला आहे, त्याने स्वतःहून तक्रार घेऊन यावं, अशी ही अपेक्षा आहे. आजारच जिथे तक्रार करण्याची शक्ती कमी करतो, तिथे ‘तक्रार नाही’ याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा लावता येत नाही. आमच्या कामात एखाद्या शाखेकडून अहवाल यायचा थांबला, तर तिथे सगळं सुरळीत आहे असं आम्ही कधीच धरत नाही.

आता नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसबद्दल (थोडक्यात एनपीएच), कारण प्रौढांतल्या शंटची जी काही मोजदाद झाली आहे ती मुख्यतः याच आजारात. सालोमोन हाकिम या कोलंबियाच्या न्यूरोसर्जनने तो ओळखला, आणि १९६५ मध्ये तो जगापुढे मांडला गेला. चाल बिघडणं, लघवीवरचा ताबा जाणं, स्मृती मंदावणं, ही तीन लक्षणं. हा काही दुर्मीळ आजार नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथल्या पाहणीत (ती २०१४ साली प्रसिद्ध झाली) ७० ते ७९ वयोगटात ०.२ टक्के आणि ८० च्या पुढे ५.९ टक्के लोकांत त्याची लक्षणं आणि स्कॅनवरच्या खुणा सापडल्या.

या रुग्णांत शंटचा खरोखर उपयोग होतो का, यावर बरीच वर्षं वाद होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने तो बऱ्याच अंशी मिटवला. ९९ रुग्ण. सगळ्यांना शंट बसवला; निम्म्यांचा व्हॉल्व्ह चालू ठेवला, निम्म्यांचा जवळपास बंद. कुणाचा कसा, हे रुग्णांना माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी चालू व्हॉल्व्ह असलेल्यांच्या चालण्याचा वेग सेकंदाला सरासरी ०.२३ मीटरने वाढला होता, दुसऱ्या गटाचा ०.०३ मीटरने. चालू गटात पडण्याचं प्रमाण २४ टक्के, दुसऱ्यात ४६. उलट बाजूही प्रामाणिकपणे दिली आहे: मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव चालू गटात १२ टक्के, दुसऱ्यात २. मला हे आकडे वाचून आनंद झाला. कुणी शंट घ्यायला कचरत असेल तर त्याला मी हेच आकडे दाखवेन.

पण मुदत पाहा: तीन महिने. बंद गटातल्या लोकांना त्याहून जास्त काळ ताटकळत ठेवणं योग्य झालं नसतं, हे मला समजतं. चाचणीला दोष देत नाही. दोष याचा, की तीन महिन्यांचं उत्तर हाती आल्यावर आपण दहा वर्षांचा प्रश्न सोडून देतो. २०१२ च्या युरोपीय पाहणीने वर्षभर पाठपुरावा केला. तो पूर्ण केलेल्या ११५ रुग्णांपैकी ८४ टक्क्यांत सुधारणा दिसली, त्या आजारासाठी खास बनवलेल्या मोजपट्टीने. तेच रुग्ण सर्वसाधारण अपंगत्वाच्या मोजपट्टीने मोजले, तर ६९ टक्के. तीच माणसं, तोच काळ, आणि मोजपट्टी बदलली की पंधरा टक्क्यांचा फरक. लेखापरीक्षकाला असा फरक दिसला की झोप लागत नाही. कागदावर ‘सुधारणा’ लिहिलेल्या माणसाच्या घरात काय चाललं आहे, हे कळायला दुसरी मोजपट्टी लागते आणि जास्त वर्षं लागतात.

वर्षापुढे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांच्या अहवालांतून एक ढोबळ चित्र सारखं दिसतं. चाल सगळ्यांत जास्त सुधारते आणि सगळ्यांत जास्त काळ टिकते. स्मृती सुधारते कमी, आणि लवकर घसरते. काही वर्षांनी इतर आजार वर येतात: अल्झायमर, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार, हृदय, सांधे. हे सगळं खरं आहे, आणि इथेच माझी पुढची तक्रार सुरू होते.

‘वय झालं.’ शंटनंतर दोन-चार वर्षांनी चाल पुन्हा बिघडलेल्या माणसाला हे उत्तर किती सहज मिळतं, ते ओपीडीच्या बाकावर बसून ऐका. तिथे ओळख झालेल्या एका निवृत्त गृहस्थांचं उदाहरण सांगते. शंटनंतर ते काठी सोडून फिरायला लागले होते. पुढे हळूहळू पुन्हा भिंत धरायला लागले. सीटी काढला, ‘पोकळ्या मोठ्या आहेत, पण त्या असणारच’ असं सांगितलं, आणि स्मृतिभ्रंशाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. मुलीने हट्ट धरून दुसरीकडे दाखवलं. तिथे व्हॉल्व्हचा दाब (तो जितका कमी, तितकं पाणी जास्त वाहतं) चुंबकाने कमी केला, ओपीडीतच, चिरफाड न करता. काही आठवड्यांत ते पुन्हा जिना चढू लागले. दर वेळी असं होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. कित्येकांत घसरणीचं कारण खरोखर अल्झायमरच असतं. पण तो निष्कर्ष शंट तपासल्यानंतरचा हवा. शंट चालतो आहे का, नळी सुटली-तुटली आहे का, दाब योग्य आहे का, हे पाहिल्यावर ‘वय’ म्हणा. आम्ही ते मान्य करू, आणि कुटुंबही मनाची तयारी करेल.

त्या सीटीविषयी आणखी एक. एनपीएचमध्ये शंट उत्तम चालत असतानाही पोकळ्या मोठ्याच राहू शकतात, हे बरोबर. म्हणूनच रुग्ण सगळ्यांत चांगल्या अवस्थेत असतानाचा एक स्कॅन तुलनेसाठी हातात पाहिजे. तो नसेल तर नवा स्कॅन एकटा काही सांगत नाही. असा बरेपणातला स्कॅन किती विभाग काढून ठेवतात? माझा काढलेला नव्हता. माझं बरं चाललं होतं ना, मग कशाला!

आता माझं स्वतःचं. मान दुखत होती म्हणून दुसरीकडे एमआरआय केला. आत जाण्यापूर्वी पेसमेकर आहे का, विचारलं. शंट आहे, हे मी सांगितलं. ‘शंट चालतो,’ असं उत्तर मिळालं. माझा व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारा आहे. अशा व्हॉल्व्हच्या काही प्रकारांत एमआरआयच्या चुंबकाने दाब आपोआप बदलू शकतो, म्हणून नंतर तो तपासावा लागतो. माझा कुणीच तपासला नाही. पुढचे काही आठवडे उभं राहिलं की डोकं फुटायचं, आडवं झालं की उतरायचं. अर्धशिशी म्हणून गोळ्या मिळाल्या. शंट असलेला माणूस जेव्हा म्हणतो, की उभं राहिल्यावर दुखतं आणि झोपल्यावर थांबतं, तेव्हा पाणी जास्त वाहतं आहे का, हा पहिला प्रश्न असायला हवा. जास्त निचरा झाला तर मेंदू आवरणापासून सुटून तिथे रक्त साचू शकतं. माझ्या बाबतीत तेवढं झालं नाही. अखेर एका कनिष्ठ डॉक्टरने कवटीचा एक्स-रे काढून व्हॉल्व्हची खूण वाचली. दाब आधीपेक्षा बराच खाली आला होता.

पण आधी किती होता? हा प्रश्न तिने विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेपुढे एवढंच लिहिलं होतं: ‘व्हीपी शंट (मेंदूतून पोटात जाणारा) केला.’ व्हॉल्व्ह कुठल्या कंपनीचा, कुठला प्रकार, दाब कितीवर ठेवला, पाणी उभ्याने ओढलं जाऊ नये म्हणून काही जोडणी आहे का, एमआरआयला चालतो का, काही नाही. कार्यालयात एखादा पंखा घेतला तरी त्यावर क्रमांक पडतो. माझ्या डोक्यातल्या उपकरणाची नोंद त्या पंख्याइतकीही नव्हती. शेवटी जुन्या फाइलमध्ये चिकटवलेलं स्टिकर सापडलं तेव्हा कळलं.

ईटीव्ही या शंटविना होणाऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचं वेगळं दुखणं आहे. दुर्बिणीने तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट करून देतात, नळी नाही, व्हॉल्व्ह नाही, म्हणून रुग्णाला ‘आता तुम्ही मोकळे’ असं सांगितलं जातं आणि फाइल सगळ्यांआधी मिटते. ते छिद्र वर्षांनंतरही बंद होऊ शकतं. तेव्हा बिघाड कधी कधी इतका झपाट्याने होतो, की रुग्ण दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. या लोकांच्या घरच्यांना धोक्याची लक्षणं लेखी कोण देतं?

आणि लहानपणी शंट बसवलेली मुलं. ती आता तिशी-चाळिशीत आहेत. बालविभाग त्यांना अठराव्या वर्षी सोडतो, प्रौढ विभाग त्यांना ओळखत नाही. तुमच्या सूचनेच्या हिशेबाने ते ‘तक्रार नसलेले’. काहींच्या पोटात वाढत्या वयाला आखूड पडलेली, ठिसूळ झालेली जुनी नळी आहे. गरोदरपणात काय करायचं, पोटाची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर कुणाला विचारायचं, याची उत्तरं ते एकमेकांना विचारून मिळवतात.

तपासणीत विचारलं काय जातं, हेही पाहा. चालता का? जेवता का? फिट आली का? माझी तिन्ही उत्तरं समाधानकारक. अपंगत्वाची जी पट्टी तुम्ही वापरता, तिच्यावर शून्य म्हणजे काहीही लक्षण नाही आणि सहा म्हणजे मृत्यू. मी एकवर आहे. त्या ‘एक’मध्ये काय काय मावतं ते सांगते. सलग दोन तास आकडे पाहिले की मेंदू संप पुकारतो. चार माणसं एकदम बोलायला लागली की मला कुणाचंच ऐकू येत नाही. खोलीत पंखा, फोन, दार यांचे आवाज एकत्र झाले तर मी बाहेर जाऊन उभी राहते. नैराश्य आलं होतं, ते शेजारच्या बाईने ओळखलं. वाहन चालवावं की नाही, हे मी स्वतःच ठरवलं. यातलं काहीही माझ्या फाइलमध्ये नाही, कारण कुणी विचारलं नाही. कागदावर मी तुमचं यश आहे.

तुमचं उत्तर काय असेल, याची मला कल्पना आहे. ओपीडी तुडुंब, सर्जन मोजके, ताटकळणारे नवे रुग्ण. खरं आहे. नव्या रुग्णाला थांबवून मला तपासा, असं मी म्हणणार नाही; एनपीएचमध्ये शस्त्रक्रियेला उशीर झाला तर गेलेलं सगळं परत मिळत नाही. पण वार्षिक तपासणीला सर्जन लागतच नाही. प्रशिक्षित परिचारिका ठरावीक अंतर चालायला लावून घड्याळ लावू शकते, स्मृतीची छोटी चाचणी घेऊ शकते, लघवीबद्दल न लाजता विचारू शकते, गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी यंदाचा आकडा लिहू शकते. आकडा घसरला तरच तुमच्याकडे पाठवेल.

नोंद ठेवून काय साधतं, असंही एका व्यवस्थापकांनी मला विचारलं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १६०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत शंटच्या साध्या नळ्या, चांदीचा अंश असलेल्या नळ्या आणि प्रतिजैविक मुरवलेल्या नळ्या यांची तुलना केली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. जंतुसंसर्गामुळे शंट बदलण्याची वेळ पहिल्या दोन प्रकारांत सुमारे ६ टक्के रुग्णांवर आली, प्रतिजैविकवाल्या नळ्यांत सुमारे २ टक्के. चांदीच्या नळ्या ऐकायला किती भारी वाटतात! मोजलं म्हणून कळलं, की त्यांचा काही फायदा नाही. स्वीडनमध्ये हायड्रोसेफॅलसच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही २००४ पासून चालू आहे. ब्रिटनमध्येही शंटची नोंदवही आहे. जे तिथे होतं ते इतरत्र होणार नाही, असं या कामात काहीच नाही. एक तक्ता लागतो आणि तो दरवर्षी भरणारं माणूस लागतं.

तेव्हा मागण्या अशा.

वर्षभरानंतर तपासणी बंद करणारे निर्णय, लेखी असोत की अलिखित, मागे घ्या. शंट किंवा ईटीव्ही झालेल्या प्रत्येक प्रौढाला वर्षातून एकदा बोलवा. येऊ न शकणाऱ्याच्या घरी फोन करा, आणि त्याच्याशीच नाही, त्याला रोज पाहणाऱ्या माणसाशीही बोला.

घरी सोडताना प्रत्येकाला एक कार्ड द्या: व्हॉल्व्हचा प्रकार, सध्याचा दाब, एमआरआयबाबतची सूचना, धोक्याची लक्षणं. दाब बदलला की कार्डही बदला. बरेपणातल्या स्कॅनची प्रत रुग्णाकडे असू द्या.

बदलत्या दाबाचा व्हॉल्व्ह असलेल्या रुग्णाचा एमआरआय कुठेही झाला, तरी नंतर व्हॉल्व्ह तपासण्याची सोय त्याच दिवशी मिळावी.

अपघात विभागात ठळक अक्षरांत एक नियम लावा: शंटवाल्या रुग्णाला डोकेदुखी, उलटी, ग्लानी किंवा चालण्यात बदल असेल, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत शंटचाच बिघाड समजायचा. ‘थेट अपघात विभागात या’ असं आम्हाला सांगता, तर आम्ही कोण आहोत हे त्या विभागाला आधी सांगून ठेवा.

आणि तुमच्या विभागाचे निकाल दरवर्षी जाहीर करा. किती शंट बसवले, किती बदलावे लागले, किती जणांत जंतुसंसर्ग झाला, पाच आणि दहा वर्षांनी किती जण स्वतःच्या पायांवर चालतात, कितींचा पत्ताच लागत नाही. हा शेवटचा आकडा मोठा आला तरी छापा.

या पत्राला लेखी उत्तर मिळावं, ही अपेक्षा आहे. माझा पुढचा एमआरआय ठरलेला आहे. त्यानंतर माझा व्हॉल्व्ह कोण तपासणार, हे त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

आपली,
शंट असलेली एक लेखापरीक्षक